५०८० की ९०७० एक्सटी? महागडं ग्राफिक्स कार्ड घेण्याआधी हा हिशेब करा



गेल्या महिन्यात ठाकुरवाडीचा एक मुलगा आईला घेऊन दुकानात आला. आमच्या कर्जत-खालापूर पट्ट्यात ठाकुरवाडी नावाच्या वाड्या बऱ्याच आहेत. बोरघाट चढताना रेल्वेचं एक छोटं ठाणंही त्याच नावाचं लागतं. त्यामुळे नेमकी कुठली वाडी ते सांगत नाही, आणि मुलाचं नावही सांगत नाही. बी.कॉम.च्या शेवटच्या वर्षाला आहे. रस्त्याला लागून चुलत्याचा गाळा रिकामा पडलाय, तिथं त्याला गेमिंग कॅफे टाकायचाय. पैसे? थोडे आईच्या बचत गटातून, बाकीचे मुद्रा कर्जातून.

तो आला तोच प्रश्न घेऊन. "दादा, ५०८० घेऊ की ९०७० एक्सटी? आणि ओव्हरक्लॉक कुठलं जास्त होतं?"

मी खूश! इतक्या महागाचं गिऱ्हाईक आमच्याकडे रोज येत नाही. सहा मशीनची ऑर्डर म्हणजे माझा महिना निघाला असता. मी कॅल्क्युलेटर ओढला, तेवढ्यात आईने विचारलं, "दादा, हे बंद पडलं तर दुरुस्त कोण करणार? आणि तोवर दुकान चालणार कसं?"

खरं सांगतो, पटकन उत्तर देता आलं नाही. कार्डाच्या सगळ्या नंबरांची माहिती तोंडपाठ, आणि धंद्याचा साधा प्रश्न आला की मी गप्प. म्हणून आजचा लेख. कुठलं कार्ड भारी, हे मी सांगणारच आहे. पण तुम्ही ते हौसेसाठी घेताय की धंद्यासाठी, यावर उत्तर पूर्ण बदलतं. तो बदल कसा होतो ते आकड्यांत बघू.

मैदानात कोण कोण आहे?

आधी खेळाडू ओळखून घेऊ. २०२५ साली आलेली ही चार कार्डं सध्या चर्चेत असतात.

१) एनव्हिडिया आरटीएक्स ५०९०. ३० जानेवारी २०२५ ला बाजारात आलं. मेमरी ३२ जीबी, वीज ५७५ वॅट. भारतासाठी कंपनीने जाहीर केलेली सुरुवातीची किंमत २,१४,००० रुपये.

२) आरटीएक्स ५०८०. त्याच दिवशी आलं. १६ जीबी, ३६० वॅट, सुरुवातीची किंमत १,०७,००० रुपये.

३) आरटीएक्स ५०७० टीआय. फेब्रुवारी २०२५. १६ जीबी, ३०० वॅट, ८०,००० रुपये.

४) एएमडी रेडिऑन आरएक्स ९०७० एक्सटी. मार्च २०२५. १६ जीबी, ३०४ वॅट. अमेरिकेत याची किंमत ५९९ डॉलर जाहीर झाली, तेव्हा ५०७० टीआयची होती ७४९ डॉलर.

आता यातला एकही भाव तुम्हाला दुकानात जसाच्या तसा मिळेल असं समजू नका. ब्रँड बदलला, पंखे दोनाचे तीन झाले, मेमरी चिपचा जागतिक भाव हलला की कार्डाचा भाव हलतो. कर्जतहून लोकल पकडून दादरला उतरा, तिथून ग्रँट रोडला जाऊन लॅमिंग्टन रोडवर चार दुकानं फिरा. एकाच कार्डाचे चार भाव ऐकाल. पुण्याच्या तपकीर गल्लीतही तेच. म्हणून त्या दिवसाचं लेखी कोटेशन घ्या आणि जीएसटी धरून आहे का ते विचारा. १८ टक्के जीएसटी नंतर लागला की सगळं बजेट कोलमडतं.

वेगाचं काय? ५०९० सगळ्यांच्या पुढे आहे, यात वाद नाही. त्याखाली ५०८०. साध्या पद्धतीने चित्र काढणाऱ्या गेममध्ये ९०७० एक्सटी आणि ५०७० टीआय जवळजवळ खांद्याला खांदा लावून चालतात. रे ट्रेसिंग म्हणजे प्रकाश-सावल्यांचं जड गणित सुरू केलं की एनव्हिडिया पुढे सरकतं. चित्र लहान काढून हुशारीने मोठं करायची दोघांची आपापली सोय आहे. एनव्हिडियाची डीएलएसएस, एएमडीची एफएसआर. घरी बसून फक्त गेम खेळायचा असेल आणि पैसे मोजून खर्च करायचे असतील, तर ९०७० एक्सटी हा माझ्या मते शहाणपणाचा सौदा. हौस असेल आणि खिसा जड असेल तर ५०८०.

झालं? व्हिडिओ असता तर इथंच संपला असता. पण तुम्ही धंदा करायला निघालाय.

ओव्हरक्लॉकिंग: कंपनीने ठेवलेली शिल्लक खर्च करणं

ओव्हरक्लॉकिंग म्हणजे कंपनीने ठरवलेल्या वेगापेक्षा चिप जास्त वेगाने पळवणं. सॉफ्टवेअरमध्ये तीन पट्ट्या असतात: वीज किती ओढू द्यायची, चिपचा वेग किती वाढवायचा, मेमरीचा वेग किती वाढवायचा. थोडं वाढवायचं, टेस्ट लावायची, टिकलं तर अजून थोडं वाढवायचं. स्क्रीन काळी झाली की दोन पावलं मागं.

हे जमतं कसं? कंपनीला एकाच मॉडेलची लाखो कार्डं विकायची असतात. ती दिल्लीच्या थंडीतही चालली पाहिजेत आणि नागपूरच्या मे महिन्यातही. म्हणून चिपची पूर्ण ताकद न वापरता ती थोडी शिल्लक ठेवते. ओव्हरक्लॉक करणारा ती शिल्लक वापरून टाकतो.

५०८० यासाठी नावाजलेलं आहे. चांगलं कार्ड हाताला लागलं तर दहा टक्क्यांच्या आसपास वेग वाढतो. ऐकायला भारी वाटतं, पण अर्थ काय? ६० फ्रेमच्या जागी ६६. समोर बसलेल्या पोराला डोळ्यांनी फरक ओळखता येईल का, विचारून बघा. शिवाय प्रत्येक चिप सारखी नसते. एकाच झाडाचे आंबे असले तरी एक गोड निघतो, एक आंबट, तसं आहे. मित्राचं कार्ड जेवढं पळालं तेवढं तुमचं पळेलच असं नाही.

मेमरीच्या बाबतीत तर अजून एक गंमत आहे. नव्या कार्डांत मेमरीची चूक पकडून डेटा पुन्हा पाठवायची सोय असते. तुम्ही वेग फार वाढवला की कार्ड लगेच बंद पडत नाही. आतल्या आत चुका दुरुस्त करत बसतं आणि उलट हळू होतं. पट्टीवर आकडा मोठा, गेममध्ये फ्रेम कमी. त्यामुळे पट्टीकडे बघू नका, गेममधल्या फ्रेम मोजा.

आता माझी चूक सांगतो. दुकान टाकून दोन-तीन वर्षं झाली होती. एका गिऱ्हाइकाला मी ओव्हरक्लॉक केलेला पीसी विकला. "इतरांपेक्षा दहा टक्के जास्त पळतो" असं सांगून वर हजार-दोन हजार जास्त घेतले. रात्री एसीत बसून पाच तास टेस्ट लावली होती, काही झालं नाही. आठ दिवसांनी फोन आला. दुपारी गेम लावला की स्क्रीन काळी. मी जाऊन बघितलं तर वर पत्र्याचं छत, मे महिना, खोलीत बसवत नव्हतं. पट्ट्या मागं आणल्या, चाललं. पण तोवर त्याचा विश्वास उडाला होता. "दादा, मला सेकंडहँड माल दिला," असंच तो गावभर सांगत राहिला. शेवटी मशीन परत घेतलं, पैसे परत दिले आणि ते घाट्यात विकलं. चूक कार्डाची नव्हती. मी माझ्या खोलीत टेस्ट केली आणि त्याच्या खोलीसाठी विकलं.

तेव्हापासून दुकानाचा नियम आहे: ओव्हरक्लॉक स्वतःच्या मशीनवर हौसेने करा, शिका, मजा घ्या. गिऱ्हाइकाला विकू नका. आणि जे मशीन तासावर पैसे कमावणार आहे त्यावर तर अजिबात नको. टूर्नामेंटच्या फायनलला एक मशीन गचकलं, तर वाढवलेल्या सहा फ्रेम कुणी लक्षात ठेवत नाही.

उलट काम मात्र जरूर करा. त्याला अंडरव्होल्टिंग म्हणतात. तोच वेग ठेवून चिपला व्होल्टेज थोडं कमी द्यायचं. वीज कमी, उष्णता कमी, पंख्याचा आवाज कमी. ९०७० एक्सटीवर तर व्होल्टेज थोडं खाली आणलं की कित्येकदा वेग थोडा वाढतोच, कारण त्याच विजेत चिपला जास्त पळता येतं. पण इथंही टेस्ट हवीच, आणि तीही दुपारी, तुमच्याच गाळ्यात.

तुमची खोली किती तापते?

आपण जे रिव्ह्यू बघतो ते बहुतेक थंड खोलीत केलेले असतात, वीस-बावीस अंशांत. कार्डाचं तापमान खोलीच्या तापमानावर चढतं. थंड खोलीत ६५ अंशांवर राहणारं कार्ड ३८ अंशांच्या गाळ्यात ८० च्या घरात जातं. गरम झालं की कार्ड स्वतःच वेग कमी करतं. म्हणजे तुम्ही पैसे वरच्या कार्डाचे भरता आणि एप्रिल-मेच्या दुपारी ते खालच्या कार्डासारखं चालतं.

कार्डाने ओढलेली सगळी वीज शेवटी उष्णता होऊन खोलीत येते. हे लक्षात ठेवा, फार उपयोगी आहे. ५०८० चं एक मशीन फुल लोडला साधारण ६०० वॅट ओढतं असं धरा. सहा मशीन म्हणजे ३.६ किलोवॅट. एक टनाचा एसी साधारण ३.५ किलोवॅट उष्णता बाहेर टाकतो. म्हणजे एक अख्खा एक टनाचा एसी फक्त मशीन थंड करायला गेला! माणसं, पत्रा, उघडझाप होणारं दार यांच्यासाठी दुसरा. हा खर्च कार्डाच्या डब्यावर छापलेला नसतो.

पुढची गोष्ट विजेची. गंमत बघा, टाटांचं खोपोलीचं जलविद्युत केंद्र १९१५ सालचं, भिवपुरीचं १९२२ चं. मुंबईच्या गिरण्यांना वीज आपल्या डोंगरातून गेली. आणि आज पहिला जोराचा पाऊस पडला की आपल्याच वाडीवर दिवे मिणमिणतात. तक्रार म्हणून नाही, नियोजन म्हणून सांगतोय. गाळ्याला व्यावसायिक मीटर घ्या आणि मंजूर भार किती आहे ते बिलावर बघा. घरगुती मीटरवर दुकान चालवू नका. वायरमनकडून अर्थिंग तपासून घ्या. त्याचे चार पैसे गेले तरी चालतील.

यूपीएस घेताना ६०० व्हीए म्हणजे ६०० वॅट असं समजू नका. छोट्या यूपीएसमध्ये ६०० व्हीएचे प्रत्यक्षात ३६० वॅटच्या आसपास मिळतात. त्यावर मोठ्या कार्डाचं मशीन लावलं तर वीज गेल्यावर यूपीएसही टुंग करून बंद!

पॉवर सप्लायमध्ये काटकसर नको. कंपनीची शिफारस ५०९० ला १००० वॅट, ५०८० ला ८५०, ५०७० टीआय आणि ९०७० एक्सटीला ७५० वॅट अशी आहे. मोठी कार्डं क्षणभरासाठी ठरलेल्यापेक्षा कितीतरी जास्त वीज खेचतात. एटीएक्स ३.० आणि त्यापुढच्या मानकाचे पॉवर सप्लाय हे झटके सोसायला बनवलेले आहेत. जुना, स्वस्तातला सप्लाय इथं मशीन बंद पाडतो आणि आपण दोष कार्डाला देतो.

वायरचंही तसंच. एनव्हिडियाच्या मोठ्या कार्डांना सोळा पिनांची एकच बारीक केबल येते, तिची मर्यादा ६०० वॅट. १२ व्होल्टला ६०० वॅट म्हणजे ५० अँपिअर, सहा पिनांत वाटून प्रत्येकी आठ अँपिअरच्या वर. प्लग जरा अर्धवट बसला, एखाद्या पिनवर भार जास्त गेला, की प्लॅस्टिक वितळतं. ४०९० आणि ५०९० वर असे प्रकार घडले आहेत. ५०९० मुळातच ५७५ वॅटचं. त्याला ओव्हरक्लॉक करायला किती जागा उरली ते तुम्हीच मोजा. ९०७० एक्सटीच्या बहुतेक मॉडेलना जुने आठ पिनांचेच प्लग लागतात. दिसायला जुनाट, पण आमच्यासारख्या दुकानदाराला रात्री शांत झोप देतात. कुठलंही कार्ड असो, प्लग 'टक्' आवाज येईपर्यंत बसवा आणि बसवल्या जागेवरून वायर लगेच मुरडू नका.

आता खरा हिशेब: तासाला किती रुपये?

बीबीएला असताना घसारा हा विषय मला कंटाळवाणा वाटायचा. आज तोच सगळ्यात कामाला येतो. आयकरात संगणकावर वर्षाला ४० टक्के दराने घसारा धरता येतो. एक लाखाची वस्तू वर्षाने साठ हजार, दोन वर्षांनी छत्तीस हजार, तीन वर्षांनी एकवीस हजार सहाशे. बाजारात कार्ड जरा बऱ्या भावाला जातं, पण दिशा तीच.

चला, कागद घ्या. खालचे काही आकडे मी धरलेले आहेत. तुम्ही तुमचे टाका.

धरू या की मशीन वर्षातले ३०० दिवस चालतं आणि रोज पाच तास विकले जातात. तीन वर्षांत एका मशीनचे ४,५०० तास.

५०८० घेतलं १,०७,००० ला, तीन वर्षांनी विकलं ४५,००० ला. तोटा ६२,०००. भागिले ४,५०० म्हणजे तासाला साधारण १४ रुपये.

५०६० सारखं १४५ वॅटचं साधं कार्ड घेतलं ३०,००० ला, विकलं १०,००० ला. तोटा २०,०००. तासाला साधारण साडेचार रुपये.

विजेचा फरक फुल लोडला मशीनमागे ३०० वॅट, म्हणजे तासाला ०.३ युनिट. युनिटचा दर १२ रुपये धरला तर अजून साडेतीन रुपये.

म्हणजे मोठं कार्ड तासाला सुमारे १३ रुपये जास्त खातं. सहा मशीनच्या २७,००० तासांवर साडेतीन लाखांच्या आसपास. आणि सुरुवातीलाच ४,६२,००० रुपये जास्त अडकले ते वेगळेच. कर्जाचं व्याज ११ टक्के धरा. पहिल्या वर्षाचं व्याजच पन्नास हजारांच्या घरात.

आता मुख्य प्रश्न. गिऱ्हाईक तुम्हाला तासाला १३ रुपये जास्त देणार आहे का?

ते कशावर ठरतं? तो काय खेळतो यावर. व्हॅलोरंट, काउंटर-स्ट्राइक २, जीटीए ५ हे गेम साध्या कार्डावर छान पळतात. व्हॅलोरंट खेळणाऱ्या पोराला ५०८० वर बसवलं काय आणि ५०६० वर बसवलं काय, तो तासाला पन्नासच देणार. त्याला हवा असतो चांगला मॉनिटर, न अडखळणारं इंटरनेट, स्वच्छ माउस आणि मित्रांसोबत एका रांगेत बसायला मिळणं. आणि हो, पैसे लावून खेळायचे ऑनलाइन गेम २०२५ च्या कायद्याने बंद झालेत, त्या वाटेला जाऊ नका. ई-स्पोर्ट्सला त्याच कायद्याने मान्यता दिली आहे. टूर्नामेंट भरवा, बक्षिसं द्या.

अजून एक. तुमची वार्षिक उलाढाल सेवा व्यवसायाच्या २० लाखांच्या मर्यादेखाली असेल आणि तुम्ही जीएसटी नोंदणी केली नसेल, तर कार्डावर भरलेला १८ टक्के जीएसटी परत मिळत नाही. तो तुमचा खर्चच. महाग कार्ड, जास्त कर, जास्त खर्च.

२०१३ चं भांडण आठवतंय?

मी कॉलेजात होतो तेव्हा हेच भांडण होतं, फक्त नंबर वेगळे. ऑक्टोबर २०१३ मध्ये एएमडीचं आर९ २९०एक्स आलं. ४ जीबी मेमरी, ५४९ डॉलर, आणि ९५ अंशांपर्यंत तापून चालायचं असं ठरवूनच बनवलेलं. नोव्हेंबरमध्ये एनव्हिडियाने जीटीएक्स ७८० टीआय आणलं, ३ जीबी, ६९९ डॉलर. आम्ही मित्र कँटीनमध्ये तासन्तास वाद घालायचो. घेतलं कुणीच नाही, पैसेच नव्हते!

पुढे काय झालं? २०२१ साली दोन्ही कंपन्यांनी त्या पिढीच्या कार्डांना नव्या गेमसाठी ड्रायव्हर देणं थांबवलं. एकाच वर्षी, दोघांनीही. जिंकलेलं आणि हरलेलं कार्ड एकाच कपाटात गेलं. हौसेने घेणाऱ्याने आठ वर्षं मजा घेतली, त्याचे पैसे वसूल. पण ज्याने धंद्यासाठी घेतलं होतं त्याला पहिल्या तीन वर्षांतच वसुली करावी लागली असणार.

मग मोठं कार्ड घ्यायचंच नाही का?

घ्यायचं, पण त्याला वेगळं काम असेल तर. आपल्या भागात असं काम आहे. कर्जत-खालापूरमध्ये फार्महाउस आणि रिसॉर्ट किती झालेत बघा. लग्नं, प्री-वेडिंग शूट, रील. व्हिडिओ काढणारी पोरं रात्र-रात्र लॅपटॉपवर एडिटिंग करत बसतात. त्यांच्या नव्या कॅमेऱ्यांतलं १० बिट ४:२:२ फुटेज साध्या मशीनवर अडखळतं. आरटीएक्स ५० मालिकेत हे फुटेज हार्डवेअरवरच उलगडायची सोय आली आहे, आणि एडिटिंगची सॉफ्टवेअरं एनव्हिडियाच्या क्युडावर चांगली चालतात. कॅफे दुपारी रिकामा असतो, तेव्हा हे मशीन तासावर एडिटिंगला द्या. संध्याकाळी तेच मशीन मोठ्या स्क्रीनवर जड गेमसाठी, जास्त दराने.

म्हणून माझा सल्ला असा.

फक्त घरी खेळायचंय: ९०७० एक्सटी, थोडं अंडरव्होल्ट करून.

घरी खेळायचंय, ओव्हरक्लॉकिंगची खरी हौस आहे आणि पैसा कर्जाचा नाही: ५०८०, चांगल्या पॉवर सप्लायसह.

कॅफे टाकायचाय: पाच मशीन साध्या कार्डांची. एडिटिंगची गिऱ्हाइकं आधी बोलून पक्की झाली असतील तर सहावं ५०७० टीआयचं. झाली नसतील तर सहावंही साधंच.

५०९०: ज्याला त्याची गरज असते तो सल्ला विचारायला येत नाही.

आईच्या प्रश्नाचं उत्तर

बंद पडलं तर कोण दुरुस्त करणार? ग्राफिक्स कार्ड आमच्यासारख्या दुकानात सहसा दुरुस्त होत नाही. ते ब्रँडच्या सेवा केंद्रात जातं आणि परत यायला दिवस लागतात, कधी आठवडेही. म्हणून घेतानाच चार गोष्टी करा.

पक्कं जीएसटी बिल घ्या, त्यावर कार्डाचा सिरीयल नंबर लिहून घ्या. हजार-दोन हजार स्वस्त म्हणून विनाबिलाचं कार्ड घेऊ नका.

वॉरंटी भारतात चालते का आणि किती वर्षं, ते विचारा. जळालेला भाग, तुटलेली पिन आणि गंज बहुतेक वॉरंटीत बसत नाहीत. गंजाकडे विशेष लक्ष द्या, आपल्याकडचा पाऊस तुम्हाला माहीत आहे. पावसाळ्यात मशीन आठ-आठ दिवस बंद ठेवू नका, रोज थोडा वेळ तरी चालू करा, आणि भिंतीच्या ओलीपासून लांब ठेवा.

महिन्यातून एकदा ब्लोअरने धूळ काढा. ब्लोअर मारताना पंखा बोटाने धरून ठेवा, फिरू देऊ नका.

आणि सगळ्यात महत्त्वाचं: प्रोसेसर असा घ्या ज्यात ग्राफिक्स आतच आहे. नावाच्या शेवटी 'एफ' असलेले इंटेलचे प्रोसेसर थोडे स्वस्त असतात, पण त्यांत ही सोय नसते. सोय असली तर कार्ड दुरुस्तीला गेलं तरी मशीन चालू राहतं. जड गेम नाही चालणार, पण हलके गेम कमी सेटिंगवर, टायपिंग, ऑनलाइन फॉर्म, प्रिंट, सगळं चालतं. गाळ्याचं भाडं त्या दिवसांतही द्यावंच लागतं ना.

हे सगळं मी त्या माऊलीला पुढच्या भेटीत सांगितलं. मुलाला गृहपाठ दिला होता: पाच दिवस कॉलेजच्या गेटवर उभा राहा आणि पोरांना विचार, काय खेळता, कुठं खेळता, तासाला किती द्याल. तो वही भरून घेऊन आला. पहिल्या पानावर व्हॅलोरंट, दुसऱ्या पानावर व्हॅलोरंट. ५०८० लागेल असा गेम खेळणारी पोरं सापडली तीन, आणि त्यातल्या दोघांच्या घरी पीसी होता.

शेवटी पाच साधी मशीन ठरली. सहाव्याची जागा आणि वायरिंग ठेवलंय, व्हिडिओवाल्यांशी बोलणं चालू आहे. माझी ऑर्डर अर्ध्यावर आली, हेही सांगून टाकतो. पण हा मुलगा तीन वर्षांनी दुसऱ्या लॉटसाठी माझ्याकडेच येईल अशी आशा आहे, आणि कर्ज थकलेलं नसेल तरच तो येऊ शकेल. सध्या गाळ्याला मीटर बसायचाय. बिलं त्याने आईकडे दिलीत. "पावत्या माझ्या डब्यात राहतील," असं तिने मला दुकानातच सांगितलं होतं.

तुमच्यासाठीही तोच गृहपाठ. कार्डाचा नंबर बाजूला ठेवा आणि कागदावर तीनच आकडे लिहा: गिऱ्हाईक तासाला किती देईल, रोज किती तास विकले जातील, आणि तीन वर्षांनी ते कार्ड कितीला जाईल. हे तीन आकडे भरता आले की चौथा, म्हणजे कार्डाचं बजेट, आपोआप निघतो. भरता आले नाहीत, तर अजून खरेदीला निघू नका.

भेटू पुढच्या व्हिडिओत. तोवर प्लग नीट बसवा, बिल जपून ठेवा!